जे साठलंच नाही, ते आठवणार कुठून?

रुग्णालयाच्या खाटेवर एक बाई डोळे उघडते. डोक्याला पट्टी, शेजारी नवरा, दारात पोलीस. तिला स्वतःचं नाव आठवत नाही आणि आपल्यावर कोणी हल्ला केला हेही आठवत नाही. पुढचा दीड तास तो हल्लेखोर तिच्या आसपास वावरतो. प्रेक्षकाला त्याचे बूट दिसतात, हातमोजे दिसतात, चेहरा दिसत नाही. मग शेवटच्या दहा मिनिटांत एखादा वास, एखादी अंगठी किंवा डोक्यावर बसलेला दुसरा तडाखा तिची सगळी स्मृती एका क्षणात परत आणतो. चेहरा स्पष्ट होतो, आणि तो घरातलाच निघतो. खास टीव्हीसाठी बनणारे चित्रपट अमेरिकेत 1960च्या दशकात सुरू झाले आणि त्यांत हा साचा चांगलाच रुजला. आता ते हिंदीत डब होऊन येतात आणि इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात दुपारची जेवणं उरकल्यावर घरोघरी पाहिले जातात.

रहस्यपट जरूर पाहावेत. मात्र त्या शेवटच्या दहा मिनिटांबद्दल गंभीर तक्रार करायला हवी. मार बसलेल्या माणसाच्या डोक्यात हल्लेखोराचा चेहरा जपून ठेवलेला असतो, फक्त किल्ली सापडायची बाकी असते, अशी समजूत त्यांतून आपल्या मनात नकळत घट्ट होते. पुढे खरोखर कोणाला मार बसला, की नातेवाईक, शेजारी आणि कधी तपास करणारेही खाटेभोवती उभे राहून किल्ल्या लावू लागतात. 'नीट आठव.' 'तो उंच होता का?' 'आपल्या ओळखीचा होता का?' या प्रश्नांनी रुग्णाची तब्येत बिघडते आणि खटल्याचा पायाही खचतो. हल्लेखोर शोधण्याचं ओझं जखमी डोक्यावर टाकणं थांबलं पाहिजे, आणि ते टाकायला शिकवणारी दृश्यं लिहिणाऱ्यांनी आपली जबाबदारी ओळखली पाहिजे, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

हा साचा टिकण्याची कारणं कारागिरीतली आहेत. टीव्हीपट थोड्या पैशांत आणि थोड्या दिवसांत उरकायचा असतो. नायिकेची स्मृती गेलेली असली की एक घर, रुग्णालयाची एक खोली आणि पाच-सहा नट पुरतात. हल्ल्याचं दृश्य एकदाच चित्रित करून तुकड्या-तुकड्यांनी पुन्हा पुन्हा वापरता येतं, दर वेळी थोडं जास्त दाखवत. त्यात जाहिराती असतात. आपल्याकडे केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे तासाला 12 मिनिटांहून जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत, त्यांतली 10 मिनिटं व्यापारी आणि 2 वाहिनीच्या स्वतःच्या. म्हणजे दोन तासांच्या वेळेत जास्तीत जास्त 24 मिनिटं जाहिराती आणि 96 मिनिटं चित्रपट. दीड तासाचा टीव्हीपट त्या जागेत नेमका मावतो. प्रत्येक जाहिरातीआधी प्रेक्षकाला खुर्चीत धरून ठेवणारा एक धक्का लागतो, आणि तुटक आठवणीइतका स्वस्त धक्का दुसरा नाही. पुराव्याची साखळी जुळवण्याची मेहनतही वाचते, कारण नायिकेला आठवलं की सिद्ध झालं.

एखादी वस्तू दिसताच सगळं आठवणं ही कल्पना आपल्याला परकी नाही. दुर्वासांचा शाप, माशाच्या पोटात सापडलेली मुद्रिका आणि ती पाहताच भानावर आलेला दुष्यंत आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तिथे शाप आहे, आणि शापाला उःशाप असतो. कवटीच्या आत झालेल्या रक्तस्रावाला उःशाप नसतो.

मेंदूत खरोखर काय होतं ते पाहू. कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना, हिप्पोकॅम्पस नावाचा एकेक भाग असतो. ताजा अनुभव टिकाऊ आठवणीत बदलण्याचं काम मुख्यतः तिथून चालतं आणि त्याला वेळ लागतो. डोक्याला जोराचा मार बसला की हे काम मध्येच तुटतं. मार बसण्याआधीचे काही क्षण किंवा मिनिटं आणि त्यानंतरचा काही काळ पक्का होतच नाही. हल्लेखोर समोर आला तो नेमका याच काळात. त्याचा चेहरा डोळ्यांनी पाहिला असेल, पण तो साठवला गेलेला नसतो. म्हणून ती आठवण दडून बसलेली नसते, ती मुळात तयारच झालेली नसते. संमोहन करा, जुने फोटो दाखवा, घटनास्थळी नेऊन उभं करा, नसलेली गोष्ट हाती लागत नाही. फार दबाव आणला तर तिच्या जागी दुसरं काहीतरी तयार होतं, आणि ते जास्त धोक्याचं.

मार बसण्याआधीच्या विस्मरणाची एक ठरावीक चाल असते. सुरुवातीला माणसाला मागचे काही महिने, क्वचित काही वर्षंही आठवत नाहीत. मग जुन्या बाजूकडून आठवणी परतू लागतात आणि ती पोकळी आक्रसत जाते: वर्षं, महिने, आठवडे, दिवस. ताज्या आठवणी जास्त नाजूक असतात, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यांनी 1881 मध्येच मांडलं होतं. सगळं परतल्यावरही मार बसण्याच्या अगदी जवळचा तुकडा बहुधा कायमचा रिकामा राहतो. पडद्यावर याच्या उलट घडतं. तिथे हल्ल्याचा क्षण सगळ्यात लखलखीत परततो आणि नाव-गाव हरवलेलं असतं.

नावाचंही असंच आहे. डोक्याला मार लागून गुंगी ओसरलेला माणूस आपण कोण हे विसरत नाही. 1953 मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूतून, आकडीचा आजार आवरावा म्हणून, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकण्यात आला. त्यानंतर 2008 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्या मनात रोजच्या घटनांची नवी आठवण जवळपास टिकलीच नाही. वर्षानुवर्षं तपासायला येणाऱ्या संशोधक त्यांना दर वेळी नव्यानं भेटत. पण त्यांना स्वतःचं नाव, आईवडील, बालपण ठाऊक होतं. नाव-गाव पुसलं गेलं आहे आणि नवीन गोष्टी मात्र व्यवस्थित लक्षात राहतात, असा रुग्ण आला तर डॉक्टर आधी तीव्र मानसिक आघाताचा विचार करतात. तो खरा आजार आहे, त्याला वेगळे उपचार आहेत, आणि तो डोक्यावरच्या टाक्यांशी बांधता येत नाही. टीव्हीवर या दोन आजारांची सरमिसळ होते, आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकांवर तिचा परिणाम मोजलाही गेला आहे. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे 83 टक्के लोकांनी, विस्मरण झालेल्या माणसाला सहसा स्वतःचं नाव आठवत नाही, हे विधान बरोबर मानलं. स्मृती व्हिडिओ कॅमेऱ्यासारखी असते, हेही 63 टक्क्यांना पटलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा काळ, ज्याबद्दल पडदा जवळजवळ काहीच सांगत नाही. मेंदूला मार बसलेला माणूस डोळे उघडतो, बोलतो, मुलीला ओळखतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, शुद्धीवर आली. प्रत्यक्षात तिच्या मनात सलग आठवण धरलेलीच नसते. पाच मिनिटांनी ती पुन्हा विचारते, 'अगं, मी इथे कशी?' पुन्हा पाच मिनिटांनी तेच. सकाळी येऊन गेलेला भाऊ दुपारी आठवत नाही. कधी ती अस्वस्थ होते, सलाईन ओढते, घरी जायला निघते. कधी मधल्या रिकाम्या जागा स्वतःच्याही नकळत भरते आणि काल भाजी आणायला राजवाड्यावर गेले होते असं ठामपणे सांगते, जेव्हा काल ती अतिदक्षता विभागात होती. हे खोटं बोलणं नव्हे. मेंदू हाती असेल त्या सामग्रीनं गोष्ट जुळवतो. मार बसल्यापासून सलग आठवण परत येईपर्यंतच्या या काळाची लांबी हे दुखापत किती गंभीर आहे याचं एक उत्तम माप आहे. तासाच्या आत संपला तर दुखापत सौम्य, दिवसभरापर्यंत मध्यम, एक ते सात दिवस गंभीर आणि आठवड्याच्या पुढे अतिगंभीर, अशी जुनी आणि आजही उपयोगी वर्गवारी आहे.

तो संपला कसं ओळखायचं? 'बरं वाटतंय का?' या प्रश्नानं कळत नाही. त्यासाठी तयार चाचण्या आहेत. 1979 साली आलेल्या गॅल्व्हेस्टन चाचणीत नाव, जन्मतारीख, आपण कुठे आहोत, इथे कधी आलो, मार लागल्यानंतरची पहिली आठवण कोणती, आधीची शेवटची कोणती, आज वार कोणता, तारीख काय, असे प्रश्न रोज विचारून 100 पैकी गुण देतात, आणि 75 च्या वर गुण टिकून राहिले की आठवण सावरली असं धरतात. वेस्टमीड चाचणीत काही चित्रंही दुसऱ्या दिवशी ओळखायची असतात, आणि लागोपाठ तीन दिवस 12 पैकी 12 मिळाले तरच हा काळ संपला म्हणतात. प्रश्न दहा मिनिटांचेच, पण रोज, त्याच वेळी आणि शक्यतो त्याच माणसानं विचारायचे. त्यापलीकडे रुग्णाची परीक्षा घ्यायची नाही. खोलीत एका वेळी दोनच माणसं, दिवा मंद, भिंतीवर मोठ्या अक्षरांत वार-तारीख आणि रुग्णालयाचं नाव. 'मला ओळखलंस का, सांग मी कोण?' हा खेळ बंद. 'आई, मी सुमा, आज मंगळवार, तू दवाखान्यात आहेस, तुला डोक्याला लागलंय', असं सांगायचं, विचारायचं नाही. प्रश्नांचा मारा झाला की अस्वस्थता वाढते, आणि मग हातपाय बांधण्याची किंवा गुंगीचं औषध देण्याची पाळी येते.

या काळात घेतलेला जबाब जवळजवळ निरुपयोगी असतो, आणि उलटतपासणीत फिर्यादीच्या विरुद्ध वापरला जातो तोही हाच. मध्यप्रदेशात रुग्णालयात किंवा घटनास्थळी उतरवून घेतलेल्या पहिल्या हकिकतीला 'देहाती नालिसी' म्हणतात. तिच्यावरूनच गुन्हा नोंदवला जातो. तेव्हा बाईंनी गोंधळलेल्या अवस्थेत एखादं नाव घेतलं किंवा 'मी घसरून पडले' म्हटलं, तर ते वाक्य वर्षानुवर्षं खटल्याला चिकटून राहतं. 'रुग्ण शुद्धीवर आहे' आणि 'रुग्ण जबाब देण्यास सक्षम आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. नातेवाइकांनी डॉक्टरांना नम्रपणे विचारावं: केस पेपरवर सलग आठवण परतल्याची नोंद आहे का? नसेल तर तशीच नोंद करा आणि जबाब पुढे ढकला. फिर्याद दुसऱ्या माहीतगारालाही देता येते. गुन्हा नोंदवायला जखमी माणसाच्या आठवणीची वाट पाहावी लागत नाही.

आपल्या इंदुरी घरांत यात आणखी एक गुंता आहे. म्हातारी माणसं घाबरली, गोंधळली की घरच्या मराठीत बोलतात, आणि बयान लिहिलं जातं हिंदीत. दोन्हींची लिपी एक, शब्द सारखे दिसतात, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षात येत नाही. समजा, एक काकू सांगतात, 'त्यानं माझी शाल ओढली.' मराठीत याचा अर्थ शाल खेचली, म्हणजे झटापट झाली. हिंदीत 'शाल ओढ़ी' म्हणजे शाल अंगावर घेतली. हल्ल्याचा पुरावा एका शब्दात नाहीसा झाला, आणि शोध सुरू झाला शाल पांघरलेल्या माणसाचा. त्याच काकू 'खून' म्हणाल्या तर मराठीत तो मनुष्यवध, हिंदीत ते रक्तही असू शकतं. 'राग आला होता त्याला' यातला राग हिंदीत गाण्याचा. पण याहून बारीक आणि जास्त घातक फरक आहे तो क्रियापदांचा: मी पडले, मला पाडलं, धक्का लागला, धक्का दिला. मध्ये उभा असलेला दुभाषी भाचा यांतलं कोणतं निवडतो त्यावर कलम बदलू शकतं.

एका क्रियापदाचं बळ प्रयोगानं मोजलेलं आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये 150 जणांना मोटारींच्या टकरीची छोटी फिल्म दाखवली. 50 जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर 'धडकून चुराडा झाला' तेव्हा वेग किती होता. दुसऱ्या 50 जणांना 'आपटल्या' असा सौम्य शब्द वापरून तेच विचारलं. उरलेल्यांना वेगाबद्दल विचारलंच नाही. आठवड्यानं सगळ्यांना प्रश्न केला, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हती. तरी पहिल्या गटातल्या 16 जणांना ती 'आठवली', दुसऱ्या गटातल्या 7 जणांना. ही सगळी शाबूत डोक्याची माणसं होती. ज्या डोक्यात त्या क्षणाची जागाच रिकामी आहे, तिथे 'मारलं तेव्हा हातात काठी होती का?' हा प्रश्न काय घडवून आणेल?

म्हणून इथल्या मराठी कुटुंबांनी दोन गोष्टी आवर्जून मागाव्यात. बयान घेताना दृक्-श्राव्य चित्रण करा, अशी विनंती करावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 मध्ये पोलिसांना तशी मुभा आहे. आणि साक्षीदाराचं मूळ मराठी वाक्य अवतरणात जसंच्या तसं लिहून मग हिंदी अर्थ द्या, असं म्हणावं. पोलिसांपुढच्या या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, त्यामुळे मूळ शब्द टिकवण्याचा चित्रणाइतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही. गंभीर प्रकरणात कलम 183 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब होतो. तिथे मराठी आणि हिंदी दोन्ही चांगलं जाणणारा, घराबाहेरचा दुभाषी मागावा.

घराबाहेरचाच का, याचं उत्तर त्या टीव्हीपटांतच आहे, आणि त्याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. हल्लेखोर जवळचा असू शकतो, हे ते बरोबर सांगतात. बाईजवळ चोवीस तास बसणारा, औषधं देणारा, कागदावर सही करणारा आणि तिच्या वतीनं बोलणारा माणूस एकच असतो. तो निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त, तरीही रुग्णाशी निदान एकदा, कोणीही नातेवाईक नसताना, परिचारिकेच्या उपस्थितीत बोलणं झालंच पाहिजे. धमकीची भीती असेल तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्ह्याच्या सक्षम समितीकडे अर्ज करता येतो, आणि पोलिसांना धोक्याचा अहवाल पाच कामकाजी दिवसांत द्यावा लागतो.

मग आठवणीशिवाय हल्लेखोर सापडतो कसा? इथे खरी माहिती पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा कितीतरी चित्तथरारक आहे, आणि पटकथालेखकांनी तिच्याकडे पाठ फिरवली याचं वाईट वाटतं.

सीटी स्कॅनच बोलतं. स्थिर डोक्यावर काठी बसली तर मेंदूला इजा सहसा फटक्याच्या खालीच होते. चालतं डोकं जमिनीवर आपटलं, म्हणजे माणूस मागे कोसळला, तर टेंगूळ डोक्याच्या मागे आणि मेंदूची मोठी इजा पुढच्या बाजूला, असं बऱ्याचदा दिसतं. म्हणजे 'जिन्यावरून पडली' या कहाणीची पडताळणी क्ष-किरणांनी होते. हातोड्यासारख्या लहान तोंडाच्या हत्यारानं कवटी आत दबते तेव्हा खळग्याचा आकार हत्यारासारखा असू शकतो. डोकं वाचवायला वर केलेल्या हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत करंगळीच्या बाजूला, वळ उठतात. ही नोंद पहिल्या काही तासांतच नीट होते, कारण सूज चढते आणि टाके घालताना जखमेच्या कडा बदलतात. टाके घालण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो काढायला सांगण्यात गैर काहीच नाही.

कपडे धुवू नका आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. ओलं रक्त प्लॅस्टिकमध्ये कुजतं, बुरशी धरतं आणि डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावा, आणि पोलिसांना देताना पोच घ्यावी. झटापट झाली असेल तर नखांखालचा मळ डॉक्टरांनी घेईपर्यंत हात पुसू नयेत. गल्लीतल्या दुकानांचे आणि सोसायटीचे कॅमेरे पहिल्याच दिवशी पाहा. घरगुती यंत्रांत साधारण पंधरवडा ते महिन्यात जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढतं. न्यायालयात ते मांडायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मोबाईलवर पडद्याचा व्हिडिओ काढून भागत नाही. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जावं, अशी तरतूद आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 मध्ये आहे.

विस्मरणाचं दुसरं एक कारणही तपासलं पाहिजे: गुंगीचं औषध. रेल्वेत किंवा बसमध्ये चहा-बिस्किटातून औषध देऊन लुटण्याला आपल्याकडे 'जहरखुरानी' म्हणतात. लोराझेपामच्या जातीची औषधं नव्या आठवणी धरूच देत नाहीत. माणूस चालतो, बोलतो, स्वतःच्या हातानं पाकीट देतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला काही ठाऊक नसतं. दाखल होताच रक्त आणि पहिली लघवी सीलबंद ठेवली तरच हे सिद्ध होतं. रुग्णालयात शांत करण्यासाठी त्याच जातीचं औषध टोचल्यावर घेतलेला नमुना वकील एका वाक्यात निकालात काढतो.

ओळखपरेडीबद्दल एवढंच की रुग्णाला व्हॉट्सॲपवर संशयिताचा फोटो दाखवू नये, कोणीही, कोणत्याही हेतूनं. एकदा तो चेहरा पाहिला की पुढे परेडीत ओळखला जातो तो फोटोतला माणूस. 1970च्या दशकात ऑस्ट्रेलियात डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञाला बलात्काराच्या आरोपावरून ताब्यात घेतलं गेलं. पीडित स्त्रीनं चेहऱ्याचं अचूक वर्णन केलं होतं. हल्ल्याच्या वेळी थॉमसन टीव्हीवर थेट कार्यक्रमात बोलत होते, विषय होता प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांची स्मृती. तिच्या घरात तो कार्यक्रम चालू असतानाच हल्ला झाला आणि पडद्यावरचा चेहरा हल्लेखोराच्या जागी बसला. त्या बाईला डोक्याच्या माराचं विस्मरण नव्हतं आणि ती मनापासून खरं बोलत होती.

सत्य वदवून घेणाऱ्या इंजेक्शनाची आशा धरणारेही भेटतात. सर्वोच्च न्यायालयानं 2010 च्या सेल्वी खटल्यात संमतीशिवाय नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली. वैद्यकीय बाजूनंही अर्धवट गुंगीत माणूस जास्त बोलतो, जास्त खरं बोलत नाही.

पडद्यावरच्या एका चुकीनं मात्र थेट जीव जातो. नायिका तासन्‌तास बेशुद्ध पडून राहते आणि उठून पळते. अर्ध्या तासापेक्षा जास्त बेशुद्धी ही सौम्य दुखापत नसतेच. उलट, क्षणभर बेशुद्ध होऊन उठलेला, 'मी ठीक आहे' म्हणणारा माणूस काही तासांत दगावू शकतो. कानशिलाचं हाड पातळ असतं, त्याला तडा गेला की आतली धमनी फाटते आणि कवटी व मेंदूचं आवरण यांच्यात रक्त साचत जातं. मधल्या त्या बऱ्या वाटणाऱ्या काळात घरचे निर्धास्त होतात. डोकेदुखी वाढत जाणं, एकाहून अधिक उलट्या, वाढती झोप, आकडी, एका डोळ्याची बाहुली मोठी होणं, एका बाजूचा हात ढिला पडणं, यांतलं काहीही दिसलं तर 108 लावून सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. स्कॅनमध्ये भिंगाच्या आकाराची अशी गाठ 30 मिलिलिटरपेक्षा मोठी निघाली तर रुग्ण बोलत असला तरी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. मार लागण्याआधीचा अर्ध्या तासाहून अधिक काळ आठवत नसणं हेही स्कॅन करण्याचं एक कारण मानतात. म्हणजे विस्मरण हे सगळ्यात आधी धोक्याचं लक्षण आहे, रहस्य नंतर. साठीच्या पुढच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसांत तर दोन-तीन आठवड्यांनीही गाठ उमटू शकते, तीही साध्या ठेचेनंतर. मुलं पुण्या-बंगळुरूला आणि आई एकटी सुदामा नगरात, अशा घरांनी हे फ्रिजच्या दारावर लिहून ठेवावं. आणि डोक्यावरचा दुसरा तडाखा आठवण परत आणत नाही. पहिली इजा भरली नसताना तो बसला तर मेंदू झपाट्यानं सुजू शकतो.

वाहिन्यांवर यासाठी नवा कायदा लादावा असं माझं मत नाही. धूम्रपानाच्या दृश्यांसाठी 2012 पासून सूचना सक्तीच्या आहेत, पण तशी यादी प्रत्येक आजारासाठी करत बसलो तर चित्रपट उरणार नाही. 'प्रेक्षकाला कल्पित आणि खरं यांतला फरक कळतो' असं निर्माते म्हणतात. भुताच्या गोष्टीत तो कळतो, कारण भूत कोणी पाहिलेलं नसतं. रुग्णालयाची खोली मात्र खरी दिसते, मॉनिटर खरा असतो, डॉक्टरांचा स्वर खरा वाटतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा अशा खोलीत शिरणाऱ्या माणसाकडे दुसरं कुठलंच पूर्वज्ञान नसतं. लंडनच्या न्यूरोसायकॉलॉजिस्ट सॅली बॅक्सेन्डेल यांनी 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चित्रपटांतल्या विस्मरणाची हीच दुरवस्था मांडली होती.

करण्यासारखं थोडं आहे आणि फार खर्चाचं नाही. संहिता एकदा मेंदूविकार विभागात काम करणाऱ्या डॉक्टरला आणि एकदा निवृत्त तपास अधिकाऱ्याला वाचायला द्यावी. डब करताना 'याददाश्त चली गई' या एका वाक्यात सगळं गुंडाळू नये. मराठीतही वृद्धापकाळच्या आजाराला आणि माराच्या विस्मरणाला एकच 'स्मृतिभ्रंश' शब्द लावणं थांबवावं. चित्रपट संपल्यावर दहा सेकंद धोक्याची लक्षणं आणि 112, 108 हे क्रमांक दाखवावेत. आणि एखाद्या लेखकानं अशी नायिका लिहावी जिला शेवटपर्यंत आठवत नाही, तरीही हल्लेखोर सापडतो: मेंदूच्या पुढच्या भागातल्या इजेवरून, पुसला जाण्याआधी काढलेल्या चित्रणावरून, एका शालीच्या ताणलेल्या धाग्यांवरून. तो टीव्हीपट इंदूरचे प्रेक्षक श्वास रोखून पाहतील याची मला खात्री आहे.

तोवर, ज्यांच्या घरात आज असा रुग्ण आहे त्यांनी दोनशे पानी वही आणावी. रोज वर तारीख. उजव्या पानावर निळ्या शाईनं फक्त तेच, जे रुग्णानं न विचारता, आपणहून सांगितलं, तिच्याच शब्दांत, वेळ आणि समोर कोण होतं यासह. डाव्या पानावर लाल शाईनं ते सगळं, जे आपण तिला सांगितलं: कोण भेटायला आलं, कोणी काय बोललं, कोणता फोटो दाखवला. पुढे सहा महिन्यांनी ती एखाद्या सकाळी 'मला आठवतंय' म्हणेल, तेव्हा ते वाक्य आधी लाल पानांवर शोधावं.